हातोडा पडण्याआधी विमा कंपनीला पत्र गेलं का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरू लागला की बाजारपेठांत दुकानांची कामं निघतात. कुणाला लाकडी कपाटं काढून काचेची शोकेस करायची असते, कुणाला माळा वाढवायचा असतो, कुणाला एसी बसवून दर्शनी भाग नवा करायचा असतो. दसरा नाहीतर धनत्रयोदशी हा मुहूर्त ठरलेला, म्हणून सुतार, वेल्डर, वायरमन आणि पीओपीवाले एकाच वेळी आत. या धांदलीत सोसायटीची एनओसी आठवते, विजेचा वाढीव भार आठवतो, पाटीचा परवानाही आठवतो. आठवत नाही ती कपाटातली विमा पॉलिसी. पुष्कळदा ती कपाटासकटच गोणीत भरून कुठेतरी हलवलेली असते.

मालमत्तेच्या विमादाव्यांचं काम करताना आम्हाला जे सतत दिसतं ते व्यापारी वाचकांपर्यंत पोहोचावं, म्हणून हे पत्र. थोडं लांब आहे, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

पॉलिसी दिली जाते तेव्हा विमा कंपनीने एका विशिष्ट जागेची जोखीम घेतलेली असते: अमुक पत्ता, अमुक बांधकाम, आत अमुक धंदा, एवढ्या किमतीचं फर्निचर, एवढा माल. काम सुरू झाल्या दिवसापासून यातलं बरंचसं खरं राहत नाही. शटर निघालेलं, माल दुसऱ्या गोडाऊनमध्ये, आत थिनरचे डबे, वेल्डिंगच्या ठिणग्या, रात्री झोपायला चार अनोळखी माणसं. हप्ता वेळेवर भरला असला, तरी ज्या जागेसाठी तो भरला ती जागा आता तशी नाही.

दुकानदाराकडे नेमकी कोणती पॉलिसी आहे, ते आधी बघावं. 1 एप्रिल 2021 पासून एका ठिकाणची एकूण जोखीम, म्हणजे तिथल्या मालमत्तेची एकूण किंमत, 5 कोटी रुपयांपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, 5 कोटींच्या वर 50 कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’, आणि त्याच्या वर जुनी ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’, अशी विभागणी आहे. बाजारातली बहुतेक दुकानं, हॉटेलं, दवाखाने, छोटी ऑफिसं पहिल्या प्रकारात बसतात. काहींकडे दुकानदार पॅकेज असतं. त्यात आग, घरफोडी, काच, पाटी, रोकड असे वेगवेगळे विभाग असतात आणि प्रत्येक विभागाच्या अटी वेगळ्या.

जुन्या फायर पॉलिसीतली एक अट जशीच्या तशी समजून घेण्यासारखी आहे. आत चालणारा धंदा बदलला किंवा इमारतीची परिस्थिती अशी बदलली की जोखीम वाढली, अथवा इमारत सलग 30 दिवसांपेक्षा जास्त काळ बिनवापराची राहिली, तर त्या मालमत्तेपुरतं विमासंरक्षण लागू राहत नाही. यातून सुटका एकच: नुकसान होण्याआधी विमा कंपनीची मंजुरी घेऊन ती एंडोर्समेंटच्या, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या अधिकृत बदल-नोंदीच्या, रूपात पॉलिसीवर चढवून घेणं. ‘नुकसान होण्याआधी’ या दोन शब्दांवर सगळं उभं आहे. आग लागल्यावर पाठवलेल्या ईमेलला काडीची किंमत नाही. आणि काम ‘तीन आठवड्यांचं’ म्हणून सुरू होतं, ते ग्रॅनाइट आला नाही, सुतार गावाला गेला, असं करत सात आठवड्यांवर जातं. मालक रोज येऊन उभा राहतो म्हणून जागा वापरात आहे, असं तो धरून चालतो. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर मात्र विजेचं बिल, विक्रीची नोंद आणि हजेरी बघतो.

आता पॉलिसीतले अपवाद. जुन्या काय नि नव्या काय, दोन्ही पॉलिसींत जमीन खचण्याचं संरक्षण आहे. पण ती खचली ती पाडकाम, बांधकाम, रचनेतले बदल, दुरुस्ती किंवा खोदकाम यांमुळे असेल, तर ते बाहेर. सदोष आराखडा आणि निकृष्ट कारागिरीही बाहेर. स्प्रिंकलरमधून (आग लागल्यावर छतातून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेतून) पाणी गळून झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते. पण ती गळती जागेतल्या दुरुस्तीमुळे किंवा स्प्रिंकलरची लाइन हलवताना-वाढवताना झाली असेल, तर मिळत नाही. नूतनीकरणात नेमक्या ज्या गोष्टी बिघडतात, त्याच नेहमीच्या पॉलिसीने मोजून बाजूला ठेवल्या आहेत. यात कंपनीची लबाडी नाही. बांधकामाची जोखीम वेगळी धरली जाते आणि तिचा विमाही वेगळा मिळतो, त्याबद्दल पुढे.

सर्वांत गंभीर मुद्दा इमारत कोसळण्याचा. इमारत आपणहून कोसळणं ही नेहमीच्या फायर पॉलिसीतली विमायोग्य घटना नाही. आग, स्फोट, भूकंप, पूर यांमुळे कोसळली तर भरपाई; मधली भिंत पाडल्यामुळे किंवा खांब तासल्यामुळे कोसळली तर नाही. शिवाय इमारत किंवा तिचा भाग अशा विमाबाह्य कारणाने पडला वा सरकला, तर 7 दिवसांनी पॉलिसीखालचा सगळा विमाच संपतो, आतल्या मालाचासुद्धा. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरमध्ये एक निवासी इमारत कोसळून 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या जागेत तेव्हा नूतनीकरण सुरू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला, गुन्हा दाखल झाला. तळमजल्यावर दुकान घेणाऱ्या प्रत्येकाला ‘एवढा खांब मध्ये आला नसता तर’ असं वाटतं. तो खांब वरच्या सगळ्या मजल्यांचा असतो. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. इतरत्रही इमारत जुनी असेल, तर भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्यावं आणि तेच विमा कंपनीला दिलेल्या पत्राला जोडावं. वीटकामाच्या जुन्या वाड्यांत तर ‘ही नुसती आडभिंत आहे’ असं गवंड्याच्या सांगण्यावरून धरून चालूच नये. तिथे भिंतीच भार घेतात.

आगीचं चित्र थोडं वेगळं आहे. आग ही विमायोग्य घटना आहेच, आणि कारागिराचा नुसता निष्काळजीपणा हे दावा नाकारायचं कारण होत नाही. वाद होतो तो जोखीम वाढल्याचं कळवलं होतं का, यावर. हाँगकाँगची गार्ली बिल्डिंग ही व्यापारी इमारत 20 नोव्हेंबर 1996 रोजी पेटली, 41 माणसं गेली. तिथे लिफ्ट बदलण्याचं काम चालू होतं आणि लिफ्टच्या उघड्या पोकळीतून आग मजल्यामजल्यावर पोहोचली. आपल्याकडच्या दुकानात लिफ्ट नसेल, पण फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी आणि माळ्याची फट हेच काम करतात.

म्हणून वेल्डिंग, ग्राइंडर, गॅसकटर यांच्या कामाला लेखी परवाना ठेवावा. एका पानावर तारीख, वेळ, जागा, कोण करणार, कोण लक्ष ठेवणार आणि कुणाची सही, एवढं पुरतं. ठिणगी 11 मीटरपर्यंत उडते असं धरून तेवढ्या परिघातलं प्लायवूड, फोम, पुठ्ठा, थिनर हलवावं; हलत नसेल ते आगरोधक चादरीने झाकावं. साधी प्लास्टिकची ताडपत्री म्हणजे ठिणगीला आमंत्रण. काम थांबल्यावर किमान एक तास माणूस तिथेच थांबला पाहिजे, कारण लाकडी भुश्शात पडलेली ठिणगी धुमसत राहते आणि सगळे जेवायला गेल्यावर पेटते. शेवटचं वेल्डिंग संध्याकाळी चारच्या पुढे नको, हा साधा नियम ठेवला तरी खूप फरक पडतो. लॅमिनेट चिकटवायचं सोल्यूशन, थिनर, पॉलिश यांचा साठा त्या दिवसाला लागेल तेवढाच आत. बाकीचा बाहेर, सावलीत, झाकण लावून. या सोल्यूशनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या ग्राइंडरपर्यंत जाते. सोल्यूशन लावताना आणि वाळेपर्यंत त्या जागेत ठिणगीचं काम बंद. तात्पुरत्या वायरिंगला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवी, नुसत्या एमसीबीवर (जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर तोडणाऱ्या स्विचवर) भागवू नये. आणि आग विझवायचं 6 किलोचं एबीसी सिलिंडर काम चालू आहे तिथेच, बाहेरच्या व्हरांड्यात नको.

एक बारीकशी गोष्ट, जी आम्हाला वारंवार दिसते. धुळीने खोटा अलार्म वाजू नये म्हणून स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधतात, आणि उद्घाटनाच्या दिवशीही ती तिथेच असते. अग्निशमन यंत्रणेमुळे हप्त्यात सवलत मिळाली असेल, तर ती यंत्रणा चालू ठेवणं ही पॉलिसीची अट असते. कामासाठी पाण्याची लाइन बंद करावी लागणार असेल, तर किती तास आणि किती दिवस, हे कंपनीला आधी कळवावं.

घरफोडीच्या विम्यात दुकानदार सर्वांत जास्त फसतो, कारण नावावरून त्याला वाटतं की चोरी म्हणजे चोरी. या पॉलिसीला बळजबरीने आत शिरल्याच्या किंवा बाहेर पडल्याच्या खुणा लागतात. शटर काढून नुसता पत्रा टेकवलेला असेल आणि तो बाजूला सारून माल नेला, तर खुणा दाखवायच्या कुठल्या? दुसरा अपवाद त्याहून नेमका आहे: जागेत कायदेशीरपणे असलेल्या व्यक्तीचा हात असेल, तर दावा बसत नाही. सुताराचा मदतनीस, पीओपीवाला, रंगारी, सगळे कायदेशीरपणेच आत आलेले असतात. तांब्याची वायर, नळाच्या फिटिंग्ज, एसीचे कॉपर पाइप यांची नूतनीकरणातली चोरी बहुतेक अशीच आतून होते. उपाय सरळ आहे. माल आणि रोकड बाहेर काढा. जिथे नेली तो पत्ता पॉलिसीवर चढवून घ्या, कारण विमा पत्त्याला चिकटलेला असतो. रोजच्या येण्याजाण्याची वही ठेवा. महागडं फिटिंग बसवायच्या दिवशीच आणा. सीसीटीव्ही काम सुरू होताना काढला जातो आणि सर्वांत शेवटी बसतो. तो उलट क्रमाने व्हावा.

कामाचा विमा वेगळा, असं वर म्हटलं तो ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’, बोलीभाषेत सीएआर. त्याचे दोन भाग असतात: पहिला चालू कामाच्या नुकसानीचा, दुसरा त्रयस्थांच्या इजेचा आणि त्यांच्या मालमत्तेचा. तो पूल-धरणांसाठीच असतो असा गैरसमज आहे. दुकानाच्या इंटिरिअरलाही तो मिळतो. मात्र तो घेताना पाच ठिकाणी चूक होते.

पहिली चूक रकमेत. आपल्याकडे काम बरेचदा लेबर रेटवर दिलं जातं, म्हणजे टाइल्स, प्लाय, लाइट मालक आणतो आणि कंत्राटदार फक्त मजुरी घेतो. सीएआरची रक्कम कंत्राटाच्या आकड्यावर काढली तर मालकाने आणलेलं सामान त्यात येतच नाही. 7 लाखांची मजुरी आणि 13 लाखांचं साहित्य असेल, तर विमा 20 लाखांचा हवा. दुसरी, नावं. पॉलिसी एकट्या कंत्राटदाराच्या नावे असेल तर पैसेही त्याच्याच हाती जातील. मालक, मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार अशी संयुक्त नावं घालावीत. तिसरी, आधीपासून असलेली मालमत्ता. सीएआर नव्या कामाला संरक्षण देतो; जुनी फरशी, न हलवलेली यंत्रं, शेजारचा अर्धा चालू असलेला कक्ष यांना नाही. त्यासाठी ‘सराउंडिंग प्रॉपर्टी’चं वाढीव कलम वेगळ्या रकमेसह घ्यावं लागतं. चौथी, शेजाऱ्याची भिंत. कंपनांमुळे किंवा आधार काढल्यामुळे झालेलं नुकसान दुसऱ्या भागातून वगळलेलं असतं, ते मागून घ्यावं लागतं. ब्रेकर लावून फरशी फोडायची असेल तर शेजारच्या दुकानाचे, वरच्या सदनिकेचे भेगांसकट फोटो तारखेसह आधी काढून ठेवावेत, शेजाऱ्याला सोबत घेऊन. नंतर कुठली भेग जुनी, यावर भांडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पाचवी चूक नेमकी दिवाळीतच होते. कामाचा जो भाग वापरात आला, त्या भागावरचं सीएआरचं संरक्षण तिथेच संपतं. समोरचा भाग विक्रीला खुला केला आणि मागे काम सुरूच राहिलं, तर समोरच्या भागाचा विमा त्या सकाळपासून फायर पॉलिसीत यायला हवा. दोन्ही पॉलिसींच्या मध्ये एका दिवसाचीही फट राहू नये. पूजेच्या दिवशी समई, अगरबत्ती, फुलांची आरास, विजेच्या माळा आणि शंभर माणसं असतात, आणि हाच दिवस बरेचदा विम्याविना असतो.

मजुरांचा प्रश्न वेगळा. माळ्यावरून पडून हातपाय मोडणं, शॉक लागणं हे या कामातले नेहमीचे अपघात. कंत्राटदाराच्या माणसांची भरपाई ही आधी कंत्राटदाराची जबाबदारी. पूर्वी 1923 च्या कायद्यात असलेली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. पण त्याच्याकडे विमा नसेल तर दाव्यात जागेच्या मालकालाही ओढलं जातं, आणि ‘हे काम माझ्या नेहमीच्या धंद्याचा भाग नव्हतं’ हे पटवून द्यायला वकील लागतो. म्हणून कंत्राटदाराच्या कामगार भरपाई पॉलिसीची प्रत मागा आणि तीन गोष्टी तपासा: तारीख, कामाचं वर्णन आणि मजुरांची संख्या. वर्णनात ‘रंगकाम’ असेल आणि माणूस वेल्डिंग करत असेल, चार मजूर जाहीर केले असतील आणि आत अकरा असतील, तर ती प्रत दाखवण्यापुरतीच.

पावसाबद्दल एकच. वादळ आणि पूर विम्यात येतात. पण छपराचे पत्रे काढून ठेवले असताना नुसता पाऊस आत आला, तर तो पूर ठरत नाही. छपराचं काम सप्टेंबर अखेरपर्यंत काढूच नये. परतीचा पाऊस दसऱ्यापर्यंत येतो, हे काय सांगायला हवं!

आता ते पत्र कसं लिहायचं. कामाच्या दोन-तीन आठवडे आधी, विमा कंपनीच्या शाखेला, एजंटला प्रत. त्यात पॉलिसी क्रमांक आणि पत्ता. काम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. खांब, तुळई, भिंत, स्लॅब यांना हात लागणार की नाही. वेल्डिंग आणि कटिंग आहे का. जागा पूर्ण बंद राहणार की अर्धी चालू. माल कुठे जाणार आणि किती किमतीचा. शटर, ग्रिल, सीसीटीव्ही, अग्निशमन यंत्रणा किती दिवस निघणार. कंत्राटदार कोण आणि कामाची किंमत किती. काम झाल्यावर धंदा तोच राहणार की बदलणार. दुकानावर बँकेचं कर्ज असेल तर पॉलिसीत बँकेचं कलम असतं, तेव्हा एक प्रत बँकेला. काम लांबलं तर मुदतवाढीचं दुसरं पत्र, पहिली मुदत संपायच्या आत.

पत्र पोहोचलं म्हणजे काम झालं नाही. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवला म्हणजे तर नाहीच. हवी ती एंडोर्समेंट, क्रमांकासकट. आणि तिच्यासाठी जादा हप्ता मागितला असेल तर तो आधी भरलेला हवा. विमा कायदा, 1938 च्या कलम 64 व्हीबीनुसार हप्ता जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. ‘चेक उद्या देतो’ या एका दिवसात लागलेली आग पॉलिसीबाहेरची.

धंदा बदलत असेल तर हप्त्याचा दरच बदलतो. कापडाच्या दुकानाचं उपाहारगृह होणार असेल, तर किचन, तेल, एक्झॉस्ट डक्ट आणि गॅस आले. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा. विनापरवाना साठ्याची मर्यादा 100 किलो, म्हणजे पाच टाक्या 95 किलोच्या झाल्या आणि सहावी आणली की परवाना हवा. परवाना नसताना सहावी टाकी आत असेल, तर ती विमा कंपनीपासून लपवलेली जोखीमसुद्धा ठरते.

काम संपल्यावर रकमेचं गणित येतं, आणि आमच्या मते सर्वाधिक पैसे इथेच बुडतात. समजा, फर्निचर आणि फिक्श्चरचा विमा 12 लाखांचा होता. कामात 4 लाखांचं जुनं काढून टाकलं, 18 लाखांचं नवं बसवलं. आता आत 26 लाखांचं आहे. पॉलिसी 12 लाखांवरच राहिली आणि साडेसहा लाखांचं नुकसान झालं, तर विमा किमतीच्या जितक्या भागाचा, भरपाईही तितक्याच भागाची, असं प्रमाण लावून 12 भागिले 26, म्हणजे हातात 3 लाख. ‘नुकसान तर विमा रकमेपेक्षा कमीच आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. भारत सूक्ष्म आणि लघु पॉलिसींत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, आणि मुदतीत केलेल्या वाढीव बांधकामाला व सामानालाही 15 टक्क्यांपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं, माल सोडून. ते कळवून तेवढ्या काळाचा हप्ता भरायचा असतो. पण 12 लाखांचे 15 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार; 18 लाखांच्या कामाला ते कुठे पुरणार? आणि जागा वाढली, रॅक वाढले की मालही वाढतो. मालाची रक्कम वाढवायचं तर कुणाच्याच लक्षात येत नाही.

रक्कम काढताना जीएसटी धरायचा की नाही, हा खरा खोचक प्रश्न. ज्या खरेदीवरचा कर वजावट म्हणून परत मिळतो, तिथे तो धरू नये. पण स्थावर मालमत्तेचं नूतनीकरण भांडवली खर्च म्हणून दाखवलं असेल, तर त्यावरच्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टच्या (साहित्यासकट दिलेल्या कामाच्या कंत्राटाच्या) जीएसटीची वजावट मिळत नाही. म्हणून तो विमा रकमेत धरलाच पाहिजे. नाहीतर तेवढी रक्कम पहिल्याच दिवसापासून कमी. चार्टर्ड अकाउंटंटला हा एक प्रश्न विचारून घ्यावा आणि हा खर्च ताळेबंदात कसा दाखवला, तेही बघावं. सर्व्हेअर स्थावर-जंगम मालमत्तेची यादी मागतो. 18 लाखांचं काम यादीत नाही, ‘दुरुस्ती’ म्हणून खर्चात टाकलंय आणि दाव्यात मात्र फर्निचर म्हणून दाखवलंय, की प्रश्न सुरू झाले.

इथेच कच्च्या बिलाचा हिशेब उलटतो. जीएसटी वाचवायला अर्धं काम रोखीने केलं, तर विम्याच्या दृष्टीने ते अर्धं काम झालेलंच नाही. पक्की बिलं, कोटेशन, मोजमापाचे कागद, कामाआधीचे, कामादरम्यानचे आणि नंतरचे फोटो हे सगळं दुकानाबाहेर, ईमेलवर ठेवा. दुकानातच ठेवलेले पुरावे दुकानासोबत जळतात.

जागा भाड्याची किंवा लिव्ह अँड लायसन्सची असेल, तर इमारत मालकाची किंवा सोसायटीची, आतलं काम तुमचं. सोसायटीच्या पॉलिसीत तुमचं फॉल्स सीलिंग, पार्टिशन, वायरिंग येत नाही. करारात लिहून घ्या की ही कामं कुणाच्या मालकीची आणि मुदत संपल्यावर कुणाकडे राहणार. आणि तुमच्या पॉलिसीत ‘भाडेकरूने केलेली अंतर्गत कामं’ असा वेगळा रकाना करून रक्कम टाका. नुसतं ‘फर्निचर’ लिहिलं की भिंतीला चिकटलेलं काम फर्निचर की इमारत, यावर तीन महिने जातात. काचेची नवी दर्शनी भिंत आणि उजळणारी पाटी यांचे विभाग वेगळे असतात. जुनी 8 फुटी काच आणि नवी 14 फुटी काच यांत फरक आहे, तेवढं कळवावं.

नफ्याच्या नुकसानीचा विमा असणाऱ्यांसाठी: ठरवून दुकान बंद ठेवलं त्याचे पैसे मिळत नाहीत, हे उघड आहे. पण नंतरच्या वर्षी आग लागली तर भरपाई आदल्या बारा महिन्यांतल्या त्याच काळाच्या उलाढालीवरून काढतात, आणि ती तुमच्या बंद दुकानाची निघाली तर आकडा खाली येतो. विशेष परिस्थिती म्हणून तो सुधारून घेता येतो, त्यासाठी दुकान किती दिवस आणि का बंद होतं याची नोंद हवी.

अग्निशमन कायद्याचं शेवटचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 खाली परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवल्याचं प्रपत्र ‘अ’ आणि देखभालीचं प्रपत्र ‘ब’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचं असतं. जुलैचं प्रपत्र ‘ब’ जुन्या रचनेचं असतं. ऑक्टोबरमध्ये फॉल्स सीलिंग खाली आलं आणि स्प्रिंकलर त्याच्या वर गाडले गेले, तर ते प्रमाणपत्र आता नसलेल्या दुकानाचं आहे. स्प्रिंकलरची तोंडं नव्या छताच्या खाली आणून त्यांच्याखाली निदान अर्धा मीटर जागा मोकळी हवी. नवे उंच रॅक हीच जागा खातात.

व्यापारी महासंघांनी आपल्या सभासदांच्या छापील कंत्राटात तीन ओळी वाढवाव्यात, अशी आमची सूचना आहे: सीएआर पॉलिसी कुणाच्या नावे आणि किती रकमेची, मजुरांचा विमा किती जणांचा आणि कुठपर्यंत, आणि विमा कंपनीची एंडोर्समेंट हाती आल्याशिवाय काम सुरू होणार नाही. विमा कंपन्यांनीही पॉलिसीबरोबर मराठीत एक पान जोडावं, ज्यावर 30 दिवसांची अट, 7 दिवसांची अट आणि दुरुस्तीचे अपवाद ठळक अक्षरांत असतील. सध्या हा मजकूर पॉलिसीच्या आतल्या पानांवर, इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरांत असतो.

आपले,
मालमत्ता विमा सर्वेक्षण व दावे क्षेत्रातले दोन वाचक, पुणे